बाहीचे दोन टाके

स्पोर्ट सिटी स्टेशनातून गाडी सुटली तेव्हा सवयीने माझा उजवा हात वरच्या कडीकडे निघाला आणि छातीच्या उंचीवर येऊन थांबला. वर्ष होत आलं, तरी हाताला हे अजून पाठ झालेलं नाही. दर वेळी तो नव्या उमेदीने निघतो आणि ठरलेल्या जागी आला की आतून कुणीतरी कडी लावून घ्यावी तसा अडतो. मग खांद्यात एक लांब, बारीक, पांढरी कळ येते. पांढरी अशासाठी की डोळे मिटल्यावर ती मला पांढरीच दिसते. डॉक्टरांना मी हे सांगितलं होतं, त्यांनी लिहून घेतलं नाही. दोह्याची मेट्रो एरवी हिसका देत नाही. चालक नसलेली ती गाडी इतकी गुळगुळीत चालते की आपण पुढे जातोय की बाहेरचा काळोख मागे जातोय, हेच समजत नाही. पण त्या दुपारी तिने हिसका दिला. डाव्या हातातली पिशवी सांभाळायची की स्वतःला, हे ठरेपर्यंत मी "अगं आई गं" म्हणत शेजारच्या बाईच्या अंगावर गेले. तिने माझं कोपर धरलं. चार बोटं खालून, अंगठा वरून, घट्ट पण न दुखवता. हे धरणं मला ओळखीचं वाटलं, आणि का वाटलं ते आठवायच्या आत ती मराठीत म्हणाली, "सांभाळून हो ताई." मग मास्कच्या वरचे तिचे डोळे बारीक झाले. "तुम्ही त्या निळ्या साडीतल्या टीचर ना? मागच्या वर्षी, शाळेत? फ्लूची लस?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं असं पुढच्याच क्षणी वाटलं, कारण जी पिशवी मी पडता पडताही सोडली नव्हती, तिच्यात चार पानांचा एक कागद होता आणि त्या कागदात या बाईसाठी एक जागा मोकळी सोडलेली होती. मी अल मन्सूराला निघाले होते, मजीदभाईंकडे. ते एका वकिलाच्या ऑफिसात कागद तयार करतात. माझा नुकसानभरपाईचा दावा त्यांनीच लिहिला होता: शाळेने बोलावलेल्या खासगी क्लिनिकच्या नर्सने लस नको इतकी वर, खांद्याच्या सांध्याजवळ टोचली, त्यातून सूज आली, आणि उजवा हात कायमचा अधू झाला. सगळं जुळत होतं, फक्त नाव नव्हतं. त्या दिवशी चार नर्स आल्या होत्या, वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या, आणि कुणी कुणाला टोचलं ते सांगता येत नाही असं क्लिनिकने कळवलं होतं. मजीदभाई तीन महिने एकच वाक्य म्हणत होते, "बस एक नाम, मॅडम. नाम मिल गया तो इन्शाल्ला अपना काम हो गया." आणि आता ते नाव माझं कोपर धरून उभं होतं आणि मला विचारत होतं, बसायला जागा करून देऊ का.

आम्ही बसलो. समोरच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो आणि आमच्यातून बोगद्याच्या भिंती पळत होत्या. मी निळा कुर्ता घातला होता, कारण त्या दिवशी पुन्हा निळाच होता. नवरात्राचे रंग आमच्या स्टाफरूममध्ये मीच आणले. पहिल्या वर्षी मी आणि नाशिकचीच एक तेजश्री, अशा दोघीच होतो. मग केरळच्या आल्या, पंजाबच्या आल्या, एका वर्षी तर प्रिन्सिपल मॅडमही पिवळ्या साडीत आल्या आणि रोज मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर फोटो हा नियमच झाला. मागच्या वर्षी लशीचा कॅम्प नेमका निळ्याच्या दिवशी, फोटोच्या आधीच्या तासाला आला. स्टाफरूममध्ये पडदे लावले होते. मी आत गेले आणि ही बाई, तेव्हाही मास्कमध्ये, माझ्याकडे बघून एकदम मराठीत म्हणाली, "काय सुंदर काठ हो! कुठल्या तुम्ही?" मी नाशिक म्हटलं, ती परभणी म्हणाली, आणि पडद्याआडच्या त्या दोन हात जागेत आम्ही एकदम माहेरी आल्यासारख्या बोलू लागलो. डावा दंड पुढे करायचा होता, पण डाव्या खांद्यावर पदर, निऱ्या घालून तीन पिना लावलेला. तो कोण सोडणार? मी उजवा पुढे केला. उजव्या बाजूला पदर नव्हता, पण बाही होती, कोपरापर्यंतची, घट्ट. लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात कणीक बरीच मळली गेली आणि त्यातली निम्मी माझ्या दंडांवर बसली, त्यामुळे बाही वर सरकेना. मग गळ्याकडून ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला, जेवढा खांदा उघडा झाला तेवढ्यात तिने टोचलं. तेवढ्यात म्हणजे वर, फार वर. एवढंच त्या कागदात आहे, आणि कागदात पदराचा उल्लेख नाही.

लशीत काही खोट नव्हती, जागेत होती. हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्याआधी कुणी म्हणालं वय, कुणी म्हणालं एसीचा वारा, संजीव म्हणाला फ्रोझन शोल्डर. संजीव माझा नवरा, गॅस प्लांटवर मोजमापाची यंत्रं सांभाळतो, त्यामुळे जे मोजता येत नाही त्याच्याकडे तो थोडा संशयाने बघतो. "मृणालिनी, नक्की किती दुखतं? दहापैकी?" असं विचारायचा. मी कधी सहा म्हणायचे, कधी आठ, आणि आकडे बदलतात म्हणून तो आणखी बुचकळ्यात पडायचा. अंतरा, आमची मुलगी, सतरा वर्षांची, मोबाइलमधून मान वर करून म्हणायची, "आई, मेबी इट्स स्ट्रेस." मी मराठीत चिडायचे, ती इंग्रजीत शांत राहायची. हळूहळू मलाही वाटू लागलं की हे मी रचलेलं तर नाही? दुपारी शाळेतून येऊन आडवी झाले की स्वप्न पडायचं. स्वप्नात हात वर जायचा, सहज, पाण्यातून वर येतात तसा, मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहीत असायचे आणि मुलं मागे गप्प असायची. जाग आली की हात उशीखाली, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा, जड. शाळेत मी सहावीला गणित शिकवते. माझा फळा आधी वरून सुरू व्हायचा. मग मधून सुरू होऊ लागला. या वर्षी तो इतका खाली आलाय की शेवटच्या बाकावरची मुलं उभी राहून लिहून घेतात आणि वरची तारीख नुपूर नावाची एक उंच मुलगी येऊन लिहून जाते. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहतो. शिकवताना माझी नजर सारखी तिकडे जाते, तिथे काहीतरी लिहायचं राहून गेलंय असं वाटत राहतं.

म्हणून तो कागद. पैशाचं मी कुणाशी बोलले नाही, ते येतील न येतील. पण मजीदभाईंनी मसुदा पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी रडले होते. त्यात पांढऱ्यावर काळं, सरळ लिहिलं होतं की दावेदाराचा खांदा आधी धडधाकट होता आणि त्या इंजेक्शनने गेला. माझ्या मनाने नाही, वयाने नाही, एसीने नाही. कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता, तोही मोठ्या इंग्रजीत, कलमांच्या आकड्यांसकट. ते पान मी घरी आणून दोनदा संजीवला वाचायला लावलं. तोही त्या दिवसापासून आकडा विचारायचा थांबला आणि "आता सोडायचं नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे" असं म्हणू लागला. दावा जिंकला की ते वाक्य खरं ठरणार होतं. मला तेवढंच हवं होतं. मला ते फार हवं होतं.

"मी स्टेडियमवरूनच यायले," शेजारून ती सांगत होती. मला मधलं काही ऐकू आलं नव्हतं. "ट्रेनिंग चालू हाय ना आमचं. मेडिकल टीम. वर्ल्ड कपला गेट नंबर सातला आमचा टेंट राहणार." तिचं हसू मास्कमध्ये मावत नव्हतं, इतकी ती खुशीत होती. दोनशे अर्ज आले होते, तीस घेतल्या, आधीचं सगळं रेकॉर्ड तपासलं, एकही तक्रार नाही म्हणून तिचं झालं. डिसेंबरनंतर पर्मनंट करणार असं तोंडी सांगितलंय. मग मुलीला आणायचं. मुलगी परभणीला, आजीपाशी. "आठ वर्षांची झाली. फोनवर मला म्हणते, मम्मी तू टीव्हीत दिसशील का? मी म्हणलं, कुणी पडलं तर दिसेन गं." ती हसली. मीही हसले. सगळ्या शहरालाच त्या दिवसांत असं काहीतरी झालेलं होतं. टॉवरांवर टॉवरांएवढे खेळाडू चढवले होते, कालचा रस्ता आज नसायचा आणि आठवड्याने दुसरीकडेच नवा कोरा उगवायचा, समुद्राकाठी मोठं घड्याळ एकेक दिवस कमी करत बसलं होतं. आमची अंतराही स्वयंसेवक झाली होती. तिला सरावाला स्पंजचा एक भलामोठा हात मिळाला होता, एक बोट ताठ केलेला. तो घालून ती हॉलमध्ये उभी राहायची, दंड पार कानाला लावून, आणि म्हणायची, "मेट्रो, धिस वे!" तासभर ती हात खाली घ्यायची नाही. मी सोफ्यावरून बघत राहायचे. मत्सर वाटायचा, स्वतःच्या मुलीचा, आणि मग त्याची लाज वाटायची.

तिच्या गळ्यात ट्रेनिंगचा पास होता. गाडी हलली की तो उलटा व्हायचा, पुन्हा सुलटा व्हायचा. सुलटा झाला की त्यावर फोटो आणि नाव दिसायचं. तिचं तोंड मी पहिल्यांदा त्या फोटोत पाहिलं. मी मनात धरलेल्या तोंडाहून ते अगदीच वेगळं होतं. वर्षभर मी तिला एक ताठ, उतावळं, पातळ ओठांचं तोंड देऊन ठेवलं होतं. हे तोंड गोल होतं, पुढचा एक दात थोडा आडवा. आणि नाव, स्पष्ट, दोन भाषांत. आबिदा. पुढे आडनाव. मी ते वाचलं. पास उलटा झाला. पुन्हा सुलटा झाला आणि मी पुन्हा वाचलं, मुलांना पाढा पाठ करायला लावते तसं. खांदा ठणकत होता. मला आठवतंय, मी त्या क्षणी खूश झाले होते. ते लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी हातात आणून दिल्यासारखं होतं ते.

तेवढ्यात समोरची एक बाई उतरायला उठली, तिची छत्री माझ्या पायाशी पडली, मी ती उचलून द्यायला उजवा हात पुढे केला आणि अर्ध्यात डावा आणला. बाहेरच्या कुणाला यात काही दिसलं नसतं. घरातही कुणाला दिसायचं नाही. आबिदा बोलता बोलता थांबली. "ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला, पडद्याआडचा झाला. "तो हात वर करून दाखवा."

"काही नाही गं, जरा धरलाय."

"दाखवा तर."

भर गाडीत मी हात वर केला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तिने एका हाताने माझं कोपर खालून धरलं, दुसऱ्या हाताची तीन बोटं खांद्यावर ठेवली आणि अगदी सावकाश उचलायला लागली. एक जागा आली, जिथे मी श्वास धरला. नेमकी तिथेच ती थांबली. मी काही बोलले नव्हते. तिने विचारलं नाही दहापैकी किती. तिने हात तितक्याच सावकाश खाली आणून माझ्या मांडीवर ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवतात. "किती दिस झाले? नाही, सांगू नका," ती म्हणाली. "तवापासूनच ना. माझ्याच हातचं हाय हे. वर लागलं होतं. सुई गेली तवाच मला कळलं होतं की वर गेलं. म्हणलं, बाई काही बोलली नाही, उतरंल." आणि मग, समोरच्या काचेतल्या मला बघत, "मी म्हणले होते तुमाला, बाही उसवते म्हणून. दोन टाके होते. माझ्याजवळ कात्री होती. तुमचं ऐकायला नको होतं मी. उसवायलाच पाहिजे होतं."

गाडी एका स्टेशनात शिरली, थांबली, दारं उघडली, गार हवा आत आली, दारं मिटली. मी काचेत बघत होते. दोन टाके. वर्षभरात मी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेन! संजीवला, अंतराला, तीन डॉक्टरांना, तेजश्रीला, नाशिकला फोनवर बहिणीला, मजीदभाईंना. पहिल्या वेळी सांगताना ती कात्री होती का गोष्टीत? असेल. मग कधी गळली? मला काही ठरवून खोटं बोलल्याचं आठवत नाही. गोष्ट सांगता सांगता आटोपशीर होत जाते, आपण सोडवलेल्या गणितातली जास्तीची पायरी खोडतो तशी ती कात्री मी कुठेतरी खोडली. आता ती समोर लख्ख होती: टोकाशी वाकडी, पट्ट्या कापायची छोटी कात्री, ट्रेमध्ये कापसाशेजारी. आणि ही म्हणत होती, "शिवण दोन टाके उसवली की बाही वर जाईल हो, घरी गेल्यावर घालून घ्या." आणि मी, निळ्या रेशमात, पिना लावलेली, बाहेर पायऱ्यांवर बायका हाका मारताहेत अशी मी म्हणाले होते, "नको नको, फोटो आहे गं आत्ता, उसवू नकोस. इथूनच दे वरून, काय होतं त्याला." ती कात्रीकडे बघत एक क्षण थांबली होती. तिने म्हटलं होतं, उद्या सैल बाहीचं घालून क्लिनिकला या. मी म्हटलं होतं, अगं आपल्या माणसाचं एवढं ऐकायचं नाही का? हेच शब्द. आपल्या माणसाचं. तिच्या जागी दुसरी कुठली, मराठी न बोलणारी नर्स असती, तर मी हे म्हणालेच नसते, आणि म्हणाले असते तरी तिने ऐकलं नसतं. फोटो छान आला. माझ्या मोबाइलमध्ये आहे तो, मी मधल्या पायरीवर आहे, हसतेय, आणि खांद्यात तोवर ते सुरू झालेलं आहे.

मला बोलायला हवं होतं. "चूक तुझी नाही" एवढं तरी. पण बोलले नाही, कारण ते पूर्ण खरंही नव्हतं. तिला कळलं होतं आणि ती गप्प बसली होती, आणि वर्षभर तो हात माझ्याच अंगाला होता, तिच्या नाही. मला तिचा राग आला. आणि तो राग जिथे जायचा तिथे मीच निळी साडी नेसून उभी होते. मुशैरीबला सगळ्यांनाच उतरायचं होतं. त्या स्टेशनात वर बघितलं की मधमाश्यांच्या पोळ्यासारखं छत दिसतं आणि माणसं त्याखाली न बोलता सरकत्या जिन्यांवर उभी राहून वर-खाली जात असतात. मला तिथे नेहमी आपण झोपेत चालतोय असं वाटतं. आबिदाला लाल लाइन घ्यायची होती. तिने माझा नंबर मागून घेतला, मी दिला. तिने भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम तिथेच खांबावर करून दाखवला, दोन बोटं मुंगीसारखी वर वर. "रोज. दुखंल तिथं थांबायचं, पळायचं नाही. मी फोन करून विचारत जाते." मग म्हणाली, "कुठं चाल्ला होता तुम्ही?" मी म्हटलं, अल मन्सूरा, किराणा. "यल्ला मग, चला," म्हणून ती जिन्यावर चढली. वर जाता जाता ती वळून हात हलवत होती आणि पास गळ्यात उलटा-सुलटा होत होता.

अल मन्सूराला एकच स्टेशन. बाहेर उन्हाच्या झळांत रस्ता हलताना दिसत होता. जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवरून फोडणीचा वास, वर गॅलऱ्यांत वाळत घातलेले युनिफॉर्म, एका दुकानाच्या फळीवर एकीकडे हळदी-कुंकवाच्या पुड्या आणि दुसरीकडे बत्तीस देशांचे झेंडे. मजीदभाईंचं ऑफिस एका डोसेवाल्याच्या वर आहे. जिना चढताना प्रत्येक पायरीला मी नाव म्हणत होते. मला वाटत होतं, वर पोचेपर्यंत ते विसरेन आणि मग काही ठरवावं लागणार नाही. पण मी गणिताची बाई, एकदा पाठ झालेलं माझ्याकडून जात नाही.

"आइए मॅडम," मजीदभाई उठून उभे राहिले. ते हैदराबादचे, साठीला आलेले, समोर कुणी रडलं की पाण्याचा ग्लास पुढे सरकवून खिडकीकडे बघणारे. त्यांनी चार पानं पसरली. तिसऱ्या पानावर मधोमध ती मोकळी जागा, खाली रेघ. "नाम मिला क्या?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. रेघेच्या वरच, त्या माझ्या लाडक्या परिच्छेदात, लिहिलं होतं की दावेदाराचा खांदा त्या इंजेक्शनने गेला. ते खरं होतं. रेघेवर मी दोन शब्द सांगितले की ते सगळ्यांसाठी खरं होणार होतं. खाली डोसेवाल्याच्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा चर्र आवाज आला. खांद्याला मघाची तीन बोटं अजून जाणवत होती, जिथे दुखतं तिथेच थांबलेली. कुणी न सांगता थांबलेली. माझं दुखणं खरं आहे हे मला आता या कागदाकडून ऐकायचं राहिलेलं नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर थोडं वाईटच वाटलं. इतके महिने ज्याच्या मागे धावले, ते दोन स्टेशनांच्या मध्ये कुणीतरी सहज देऊन गेलं होतं.

"मजीदभाई," मी म्हटलं, "एक बात लिखनी रह गई." आणि मी कात्रीचं सांगितलं. पदराचं, पिनांचं, फोटोचं. माझ्या हिंदीत ते फारच किरकोळ वाटत होतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ये आपने पहले नहीं बोला."

"भूल गई थी."

ते खिडकीकडे बघत राहिले. "ये लिख दिया तो केस खलास, मॅडम. उनका वकील यहींच पकड़ेगा. और नहीं लिखा, तो नाम होना."

"नाम नहीं है मेरे पास."

हे मात्र मी खोटं बोलले, ठरवून, शुद्धीत. मजीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं कागद लिहिणाऱ्या माणसाला समोरच्याचं खोटं कळत नसेल असं नाही. त्यांनी चारी पानं एकावर एक ठेवून टेबलावर आपटून सारखी केली आणि माझ्यापुढे सरकवली. "दर्द तो सच्चा है ना मॅडम?"

"सच्चा है."

"बस," ते म्हणाले, आणि खालून दोन चहा मागवले.

घरी आले तेव्हा ऊन खिडकीतून सोफ्यापर्यंत आलं होतं. अंतराचा स्पंजचा हात सोफ्यावर पडला होता, बोट छताकडे. संजीवचा मेसेज आला होता, झालं का? मी झालं असं लिहिलं, मग खोडून संध्याकाळी बोलू असं लिहिलं. त्याला सांगणं सोपं जाणार नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न त्याचाही होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मी निळा ब्लाउज काढला. वर्षभर तो घातला नव्हता, घालता येत नव्हता. बाही उलटी केली. आत शिवणीच्या कडेला शिंप्याने चांगलं दोन बोटं कापड सोडलं होतं. तेवढ्यासाठीच सोडतात ते, दंड भरला तर उसवून सैल करायला. सगळ्या बायकांना हे माहीत असतं, मलाही होतं. मी कात्री घेतली. हात वर न्यायचा नव्हता, मांडीवर ठेवूनच करायचं काम, उजव्या हाताने नीट केलं. पहिला टाका तुटला. दुसरा तुटला. पुढची शिवण आपोआप सुटत गेली, बारीक आवाज करत.

"आई? व्हॉट आर यू डूइंग?" अंतरा दारात उभी होती.

"इकडे ये. ही बाही मला घालून दे. हात वर जात नाही माझा."

मी हे असं आधी कधी म्हटलं नव्हतं. नेहमी दुखतं म्हणायचे. ती आली, तिने माझा हात कोपरापाशी धरला, अनाडीपणे, पण खालून, आणि बाही चढवली. मग तिने ती कोपराकडून वर सरकवली. बाही गेली. दंडावरून सहज वर गेली, खांद्याच्या हाडाच्या खाली तीन बोटं राहतील इतकी, आणि तिथे थांबली. मी डाव्या हाताची तीन बोटं हाडाखाली ठेवून जागा मोजली. इथे टोचायला हवं होतं. तिथली कातडी स्वच्छ होती, कुणी कधी हात न लावलेली.

"इट फिट्स," अंतरा म्हणाली. "सो व्हाय आर यू क्रायिंग?"

"दोनच टाके होते गं," मी म्हटलं.